दसऱ्याचा घोडा भाद्रपदात घडतो

भाद्रपद सरत आला की पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडच्या तबेल्यांत गडबड सुरू होते. नालबंदाची वेळ ठरवायची असते, वैरणीची सोय लावायची असते, आणि गावातून कोणीतरी येऊन विचारून गेलेलं असतं, ‘दसऱ्याला पालखीपुढं घोडा द्याल ना?’ मालक हो म्हणून टाकतो. घोडा दिसायलाही झकास असतो. पावसाळाभर हिरवं खाल्लेलं, पोट गोल, अंगावर चकाकी. पण हाच घोडा जूनपासून जवळजवळ बांधून आहे. खूर ओलाव्यात भिजलेत, पाठीचे स्नायू सैलावलेत, आतड्यात जंत असू शकतात. शिवाय येत्या काही दिवसांत त्याच्या पुढ्यातली वैरण, डोक्यावरचं ऊन आणि पायाखालची जमीन या तिन्ही गोष्टी एकदमच बदलणार आहेत.

शरद ऋतू आपल्याला सुखाचा वाटतो. घोड्यासाठी मात्र तो वर्षातला सगळ्यात फसवा काळ असतो. पावसाळ्यात झालेलं नुकसान याच दिवसांत वर येतं आणि मालकाला घाईही याच दिवसांत असते. माझं मत ठाम आहे: आश्विन-कार्तिकात घोड्याकडून काम घ्यायचं असेल तर त्याला सहा आठवडे द्यायला हवेत, आणि त्यांची सुरुवात भाद्रपदातच व्हायला हवी. मराठ्यांच्या फौजांचं वर्ष याच हिशेबानं चालायचं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. आज मोहीम नाही, पण ऋतू तोच आहे आणि घोड्याचं शरीरही तेच आहे.

पाहणी पायापासून सुरू करावी. खुराची भिंत आपल्या नखासारख्याच द्रव्याची असते. ती पाणी शोषते आणि मऊ पडते. चार महिने ओल्या जमिनीवर उभा राहिलेला खूर पसरतो, नालाचे खिळे सैल होतात. मग ऑक्टोबरचं ऊन पडतं, तोच खूर भराभर वाळतो, आकसतो आणि खिळ्यांच्या भोकांपासून वर चिरा जायला लागतात. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढचा पूर्ण खूर नवा व्हायला जवळजवळ वर्ष जातं. पावसाळ्यात उपासमार किंवा ताप झाला असेल तर त्याचं वळ आत्ता वरच्या कडेला, केसांच्या रेषेखाली दिसतं आणि महिन्यागणिक खाली सरकत जातं.

आता पाय उचलून बघा. खूर साफ करायची आकडी टाचेकडून पुढे ओढत न्यायची, उलट नाही. तळव्याच्या मधोमध रबरासारखा लवचिक त्रिकोणी भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात. निरोगी खुरातून निघणाऱ्या मातीला माती-शेणाचाच वास येतो. खूर कुजायला लागला असेल तर खाचेतून काळा, चिकट लगदा निघतो आणि त्याचा वास नाकात बसतो. एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. आकडी तिथं हलकेच टेकवली तरी घोडा पाय ओढून घेतो. हे काम करणारे जंतू हवा न लागणाऱ्या जागी वाढतात, म्हणून मूत आणि लीद साचलेल्या जमिनीवरचा, रोज साफ न होणारा खूर त्यांना फावतो. पशुवैद्य किंवा जाणता नालबंद कुजलेला भाग कापून खाच हवेला उघडी करतो, वर पोव्हिडोन आयोडीनसारखं औषध लावतो. पण बसायची जागा कोरडी केली नाही तर औषधाचा उपयोग नाही. मुरूम टाकून, उतार देऊन, मूत वाहून जाईल अशी जमीन करणं हे त्यावरचं खरं औषध. वरून तेल चोपडण्याची सवय अनेकांना असते. कुजलेल्या तळव्यावर तेल लावलं की ओल आतच कोंडली जाते.

नालबंदाला दसऱ्याच्या आदल्या दिवशी बोलावू नये. साधारण सहा आठवड्यांनी खूर तासून नाल बदलायचे असतात. पावसाळ्यात तो क्रम चुकलेला असतो आणि खूर पुढे लांब वाढलेला असतो. अशा खुराचा कोन एका बैठकीत सरळ करायला गेलं तर पायाच्या शिरांवर ताण येतो. दोन बैठकांत करावं. पहिली पितृपक्षात, दुसरी दिवाळीच्या आसपास. ज्याला डांबरी रस्त्यावर चालायचं नाही आणि ज्याचे खूर टणक आहेत, त्या तट्टाला नाल न ठोकताही चालतं. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं पिढ्यान्‌पिढ्या दगडगोट्यांवरून ओझी वाहत आली आहेत. आता त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे, आणि ते फार बरं झालं.

पोटाचा मामला खुरापेक्षा नाजूक. घोड्याचं जठर त्याच्या आकाराच्या मानानं लहान, मोठ्या घोड्याचं 8 ते 15 लिटरचं. त्याला ओकारी काढता येत नाही. वैरणीचं खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं आणि ते तिथले सूक्ष्मजंतू करतात. हिरव्या गवतावर जगणाऱ्या जंतूंची वस्ती वेगळी, कडब्यावर जगणाऱ्यांची वेगळी. वैरण एका दिवसात बदलली की जुनी वस्ती मरते, नवी तयार झालेली नसते, वायू धरतो आणि घोड्याला पोटशूळ उठतो. म्हणून हिरव्याकडून वाळलेल्याकडे जाताना दहा ते चौदा दिवस घ्यावे. आधी पावपट वाळलेलं, मग निम्मं, मग पाऊणपट. चंदीचंही तसंच. ओट, सातू किंवा भिजवलेले हरभरे काम वाढेल तसे वाढवायचे, कामाच्या आधी नव्हे. एकूण वैरण वजनाच्या दीड ते दोन टक्के धरावी. 300 किलोच्या तट्टाला दिवसाला साडेचार ते सहा किलो सुकी वैरण होते.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पावसाळी गवतात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. घोडा बादलीला तोंड लावत नाही असं वाटतं, पण तो पाणी गवतातून घेत असतो. आश्विनात तुम्ही कडबा पुढ्यात टाकता, बादली मात्र पूर्वीइतकीच भरता. मग आतड्यात कोरडा गोळा अडकतो. 300 किलोच्या घोड्याला गार दिवसातही 15 ते 18 लिटर पाणी लागतं, उन्हात काम केलं तर त्याच्या दुप्पट. पाणी सतत पुढ्यात असावं, भांडं रोज घासावं. लीद बघत जावी. ती ओलसर आणि जमिनीवर पडताच फुटणारी हवी. बारीक, कडक, चकाकणाऱ्या गोळ्या दिसल्या की पाणी कमी पडतंय असं समजावं.

वैरण साठवण्याचीही हीच वेळ. शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र रयतेच्या काळजीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते रास्तच आहे. पण घोडेवाल्याच्या नजरेनं वाचलं तर ते वैरणीच्या हिशेबाचंही पत्र आहे. दाणागोटा आत्ताच बेहिशेबी उडवला तर ऐन पावसात घोड्यांची उपासमार होईल, दिवे जळते ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईनं त्यात बजावलं आहे. गंजीची एवढी काळजी वाहणारा राज्यकर्ता माझ्या डोळ्यांत म्हणूनच आणखी मोठा होतो. आज आपल्याला आगीइतकीच बुरशीची भीती बाळगायला हवी. परतीच्या पावसात भिजलेला कडबा वरून वाळतो, पेंढीच्या आत मात्र करडी भुकटी धरते. पेंढी सोडून झटकावी. धूळ उडाली, कुबट वास आला तर ती घोड्याला देऊ नये. गाय-बैल पचवतील ते घोडा पचवेलच असं नाही. बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर जातो आणि त्यातून तो क्वचितच वाचतो. कोंबड्यांचं किंवा दुभत्या जनावरांचं तयार खाद्यही घोड्यापुढे ठेवू नये. त्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय थोड्या मात्रेतही निकामी करतं.

मोकळं चरायला सोडणाऱ्यांनी दोन गोष्टींवर डोळा ठेवावा. खरिपाची ज्वारी काढून झालेल्या रानात नवे हिरवे फुटवे येतात. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं आणि गुराढोरांना ते बाधतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. घोड्यात ते वेगळ्या रीतीनं दिसतं. बरेच दिवस हिरवी ज्वारी चरली तर मागचा भाग लुळा पडायला लागतो आणि लघवीवरचा ताबा जातो. घोडी सतत ओली दिसते, चालताना मागून हेलकावते. ज्वारीचं हिरवं रान घोड्यासाठी बंदच ठेवावं.

दुसरी गोष्ट कुसळाची. डोंगरउतारावरची कुसळी याच दिवसांत पिकते. तिच्या बियांना टोकदार काटा आणि वळलेली लांब शेपटी असते. ओल मिळाली की शेपटी उलगडते आणि काटा आत रुततो. मातीत बी पेरण्याची निसर्गाची ही युक्ती घोड्याच्या हिरडीतही तितकीच चालते. घोडा एकाएकी लगाम घ्यायला तयार होत नसेल, मान वर झटकत असेल, तर तो हट्टीपणा करतोय असं म्हणण्याआधी ओठ वर करून बघा. वरच्या ओठाच्या आत, हिरडी आणि ओठाच्या खोबणीत, पाच-सहा कुसळं एकत्र रुतून बसलेली असतात आणि भोवताली लालभडक सूज असते. चिमट्यानं एकेक काढावी, मिठाच्या पाण्यानं तोंड धुवावं आणि जखम भरेपर्यंत कडियाळं घालू नये. डोळ्याच्या कडेलाही हीच कुसळं सापडतात. एक डोळा अर्धवट मिटलेला आणि सतत पाणावलेला दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

पोटशूळ उठल्याची खूण अशी: घोडा वळून वळून आपल्या कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, खाणं सोडतो, लोळतो. चारा काढून घ्यावा, नाडी मोजावी आणि पशुवैद्याला फोन करावा. बाटलीनं तेल किंवा काढा तोंडात ओतण्याचा प्रकार खेड्यांत अजून चालतो. तो थांबायला हवा. ओतलेलं तेल फुफ्फुसात गेलं तर पोट बरं होऊनही घोडा जातो.

जंतांबद्दल थोडक्यात. पावसाळाभर एकाच जागी चरलेल्या घोड्याच्या पोटात जंत असणारच, पण सगळ्यांना एकदम औषध पाजण्याची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. लीद तपासून अंडी मोजावी, ज्याच्यात जास्त आहेत त्याला वजनाप्रमाणे औषध द्यावं. अंदाजानं कमी मात्रा दिली की औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला केसांना चिकटलेले पिवळसर ठिपके दिसले तर ती एका माशीची अंडी. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडावाटे पोटात जातात. खरवडून काढा.

माशीचा खरा धोका दुसराच. पावसाळ्यात आणि त्यानंतर चावऱ्या माश्यांची, विशेषतः मोठ्या डांसांची, संख्या वाढते आणि त्यांच्या तोंडातून एका जनावराचं रक्त दुसऱ्यात जातं. त्याबरोबर सर्रा हा रोग पसरतो. त्याचा परजीवी 1880 मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याला तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खानला सापडला. सर्रा कपटी असतो. ताप चढतो, उतरतो, चार दिवसांनी पुन्हा चढतो. खाणं चांगलं असतं आणि घोडा तरी वाळत जातो. पायांवर आणि पोटाखाली सूज येते, पापणीच्या आतला भाग फिका पडतो, कधी त्यावर बारीक लाल ठिपके दिसतात. मालकाला वाटतं, वैरण बदलली म्हणून उतरला असेल. म्हणून आश्विनात रोज सकाळी, काम सुरू होण्याआधी, थर्मामीटर लावण्याची सवय ठेवावी. 37.5 ते 38.3 अंश सेल्सिअस हे ठीक. 39 च्या वर गेलं की रक्त तपासून घ्यावं. वेळेत कळलं तर सर्ऱ्यावर औषध आहे, उशीर झाला तर घोडा खंगून जातो. हा रोग सहसा माणसाला होत नाही, पण जगातला माणसातला पहिला नोंदलेला रुग्ण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला होता. लीद रोज लांब टाकणं, डबकी बुजवणं, संध्याकाळी तबेल्यात धूर करणं आणि आजारी घोडा वेगळा बांधणं, हे सगळं सर्रा टाळण्यासाठीच करायचं.

आता अंगावरच्या केसांकडे येऊ. माझ्या मते शरदातल्या घोड्याबद्दल सगळ्यात कमी समजून घेतलेली गोष्ट हीच आहे. थंडी पडली की घोड्याला दाट केस येतात असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात केस थंडी बघत नाहीत, उजेड बघतात. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला सगळ्यात लहान अकरा तासांचा. दिवस लहान व्हायला लागल्याचं घोड्याच्या डोळ्यांमार्फत मेंदूला कळतं, संप्रेरकांचं प्रमाण बदलतं, आणि सप्टेंबरातच उन्हाळी केस गळून खाली दाट, लांब केस उगवायला लागतात. उत्तरेकडच्या थंड देशांत हे बेमालूम जमतं, कारण तिथं ऑक्टोबर गार असतो. आपल्याकडं पाऊस गेल्यावर आकाश निरभ्र होतं, जमिनीत ओल असते, दुपारी पारा 32-33 अंशांवर जातो आणि हवा दमट राहते. घोडा हिवाळ्याचा कोट चढवत असतो आणि डोक्यावर ‘ऑक्टोबर हीट’ तळपत असते. शिवाय पहाटे तोच पारा 18-20 अंशांपर्यंत खाली येतो.

याचा अर्थ काय? एप्रिलमध्ये जेवढ्या कामाला घोडा घामेजतो त्याहून कमी कामाला तो ऑक्टोबरात निथळतो. घाम निघतो, पण दाट केसांत अडकतो, लवकर वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. घोड्याच्या घामात क्षार भरपूर असतात आणि एक प्रथिनही असतं. त्यामुळंच लगाम घासतो तिथं मानेवर आणि मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस दिसतो. घामाबरोबर गेलेलं मीठ नुसत्या पाण्यानं भरून येत नाही. लहान तट्टाला दिवसाला 15-20 ग्रॅम, मोठ्या घोड्याला 25-30 ग्रॅम साधं मीठ चंदीत मिसळावं, घामाच्या दिवशी जास्त. आणि खरारा वाढवावा. पावसाळ्यात ओल्या केसांवर खरारा होत नाही, मळ आणि कोंडा साचतो. आश्विनात रोज अर्धा तास, मानेपासून मागे, गोल गोल हात फिरवत, मग मऊ ब्रशनं. झडणारे केस निघून जातात, नव्या केसांना वाट मिळते. मुख्य म्हणजे तुमचा हात रोज त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. गोचीड, पावसाळी खरूज, जिनाखाली सुजलेली जागा हे सगळं डोळ्यांआधी हाताला लागतं. चांगला मोतद्दार अंधारातही घोड्याची तब्येत सांगतो, ती याच सवयीमुळं.

सामानाकडे बघायला वेळ थोडा लागतो, पण तो द्यावाच. खोगिराचं कातडं पावसाळ्यात बुरशी धरतं. ओल्या फडक्यानं पुसून, कातड्याचा साबण लावून, सावलीत वाळवावं. उन्हात नाही, कातडं तडकतं. मग रिकिबीचा पट्टा घ्या आणि बक्कल बसतं तिथं त्याला उलट वाकवा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांची जाळी उमटली तर तो पट्टा गेला. शिवणीवर अंगठ्याचं नख घासा. टाका तुटून वर आला तर मोच्याकडे द्या. तंगाचंही तसंच. धावत्या घोड्यावर तंग तुटला तर स्वार खाली आणि घोडा उधळलेला. नमदा धुऊन कडकडीत वाळवावा. आणि चार महिन्यांपूर्वीच्या मापावर विसंबू नये. बांधून राहिलेल्या घोड्याचं पोट वाढलेलं असतं, पाठ मात्र उतरलेली असते. जुनं खोगीर तेव्हा चपखल बसत असेल, आत्ता ते मणक्यावर टेकतं का हे हात घालून बघावं.

हे सगळं जागेवर आलं की मग स्वारी. पहिले दोन आठवडे नुसतं कदम चालवायचं. वीस मिनिटांपासून सुरुवात, पाऊण तासापर्यंत. पुढचे दोन आठवडे मधून मधून दुडकी, आधी दोन-तीन मिनिटांची, मग श्वास खाली येईपर्यंत पुन्हा कदम. पाचव्या-सहाव्या आठवड्यात सौम्य चढ आणि थोडी धाव. यात घाई का नको? हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत कामाला सरावतात. पायाच्या शिरा आणि हाडं महिन्यांनी सरावतात. तिसऱ्या आठवड्यात घोडा ताजातवाना वाटतो, स्वतःच पळायला बघतो, स्वाराचाही मोह होतो, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या पायाची शीर धरते. ती धरली की सहा महिने गेले. घोड्याच्या उत्साहावर नाही, दिनदर्शिकेवर विश्वास ठेवावा. तंगाखालची कातडीही मऊ पडलेली असते, म्हणून सुरुवातीला तंग थोडा थोडा आवळावा आणि उतरल्यावर काखेच्या जागी गरमी किंवा सोललेपण आहे का बघावं.

जमीन हा वेगळाच विषय. काळी रानं आश्विनात वरून वाळलेली दिसतात, खाली चिखल असतो. खूर आत जातो आणि ओढून काढताना नाल उपटून येतो. कार्तिकात त्याच रानाला भेगा पडतात. माळावर गवत गुडघाभर असतं, त्यात खेकड्यांची आणि उंदरांची बिळं, हद्दीचे दगड, तुटक्या कुंपणाची तार लपलेली असते. अनोळखी माळावर आधी पायी फिरून यावं. मुरमाचा गाडीरस्ता सगळ्यात चांगला. वेळ पहाटेची. संध्याकाळी जायचं तर पश्चिमेकडे तोंड करून धावू नये. खाली आलेलं ऊन घोड्याच्याही डोळ्यांत जातं.

परत आल्यावर दहा मिनिटं हातात धरून चालवावं. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की नाडी लागते. विश्रांतीत ती मिनिटाला 28 ते 44 असते. पंधरा-वीस मिनिटांनी साठच्या वर असेल तर आज काम जास्त झालं. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी ओतू नये, असं जुने लोक सांगतात. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उन्हातल्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासांनी ही भीती दूर केली. मान, छाती, पोट, मांड्यांवर गार पाणी सतत ओतत राहावं, तेच सगळ्यात लवकर थंडावा देतं. प्यायलाही थोडं थोडं, पण लगेच द्यावं. चंदी मात्र श्वास शांत झाल्यावर, तासाभरानं. पहाटेचा गारवा असेल तर अंग पुसून, कोरडं करून मगच झूल घालावी.

दिवाळीचे चार दिवस फटाक्यांमुळं घोड्याला फिरवायला नेऊ नये. ओळखीच्या जागी, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीनं, दिवा लावून आणि पुढ्यात वाळलं गवत ठेवून त्याला आतच ठेवावं. घाबरलेला घोडा आगाडी-पिछाडीला हिसके देतो आणि दोर पायाला कापतो, म्हणून शक्य असेल तिथं मोकळं, बंद दारामागं ठेवणं बरं. वैरणीच्या गंजीजवळ पाण्याचं पिंप भरलेलं असावं. याच सुमाराला धनगरांचे वाडे पठारावरून कोकणाकडे निघतात. त्यांच्या घोड्यांवर संसार लादलेला असतो. ती तट्टं पावसाळ्यातही मेंढरांबरोबर हिंडत राहिलेली असतात, म्हणून घाट उतरताना त्यांचे पाय डळमळत नाहीत.

तबेल्यातल्या घोड्यांचं मोठं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं. वरातीची घोडी ही सगळ्यात कठीण नोकरी करते असं मला वाटतं. डोळ्यांवर दिवे, कानाशी ताशा, पायाखाली गुळगुळीत डांबर आणि पाठीवर कधीच घोड्यावर न बसलेला नवरदेव. ताशाची सवय आश्विनातच लावायला घ्यावी. आधी शंभर पावलांवर वाजवायचा, चंदी खाताना, आणि रोज थोडा जवळ आणायचा. डांबरावर लोखंडी नाल घसरतात, म्हणून नालबंदाला तसं सांगून नाल बसवून घ्यावेत. वरात ठरवतानाच बोलून घ्यावं: दोन तासांच्या वर घोडी उभी राहणार नाही, मध्ये पाणी पाजायला थांबावं लागेल आणि तिच्या जवळ फटाका वाजला तर नवरदेवाला तिथंच खाली उतरवलं जाईल.